प्रतिसाद: थांबू नका, आधी कान तपासा

पंचवीस महिन्यांचा मुलगा चार-पाचच शब्द बोलतो, त्यावर 'मुलगे उशिराच बोलतात, थांबा' असा सल्ला वर आलाय. कृपया थांबू नका. आधी श्रवणचाचणी करा, ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) किंवा बेरा (आवाजाला श्रवणनस आणि मेंदूचा प्रतिसाद मोजणारी). टाळीला वळून बघतो म्हणजे नीट ऐकू येतं असं नाही. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं की मोठे आवाज पोचतात, 'स'सारखे बारीक निसटतात.

समज घरीच बघा: बोट न दाखवता, नजरही न वळवता 'बूट आण' म्हणा. दोन वर्षांला साधारण 50 शब्द आणि 'बाबा ये' अशा जोड्या अपेक्षित असतात. 'भूभू', 'मम' हेही शब्दच धरा. समजही कमी असेल, बोटाने दाखवत नसेल, तर बालविकास तपासणी लगेच. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारं सरकारी केंद्र) विचारा, तिथे ती मोफत होते.