'सर': दोन अक्षरं, अर्थ किती? तुमचे किस्से लिहा

धागाकर्ती: परदेशात वाढणाऱ्या लेकीला रविवारी मराठी शिकवते. 'पावसाची सर आली' याचं चित्र काढ म्हटलं, तर तिनं टाय लावलेले, छत्री धरलेले एक चष्मेवाले गृहस्थ काढले. वर मलाच सुनावलं, "आई, 'आली' नाही, 'आले' म्हण. सर आहेत ना ते!" तुमची कुठे फजिती झाली?

ऊसवाला: पुण्याहून मित्राचा फोन. "काय रे, सरी कशा आहेत तिकडं?" मी म्हटलं, "साडेचार फुटी." तो पावसाचं विचारत होता. मी सकाळपासून उसाच्या लागणीच्या रानात, चरांत उभा; आमच्याकडं त्यालाच सरी म्हणतात.

मोडीवेडा: मोडीच्या वर्गात पहिल्याच कागदावर 'सरसुभेदार' आलं. मी शेजारच्याला ठासून सांगितलं, इंग्रजांनी दिलेली पदवी असणार. कागद पेशवाईतला! शिकवणाऱ्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं. मग कळलं, हा फारसी 'सर', म्हणजे डोकं. आपल्या 'शिर'चा लांबचा चुलतभाऊ. सरदार, सरकार, सरनौबत, सगळीकडे तेच डोकं. सरदेशमुखीतही (मराठेशाहीतला वसुलावरचा शेकडा १० हक्क). सरपंचाचं तर डोकं फारसी आणि पंच संस्कृत. किल्ला सर करणंही त्याच घरातलं. शाळेतले सर मात्र लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेले, मुळात 'वडीलधारे'. हिलरींनी १९५३ साली एव्हरेस्ट सर केलं आणि त्याच वर्षी ते 'सर' झाले. या वाक्यातले दोन सर एकमेकांना ओळखतही नाहीत.

ओसरी: आजीचा तीन सरांचा मोत्यांचा हार तुटला. हौसेनं घरीच ओवायला बसले. तिन्ही सर एका मापाचे केले, घातल्यावर सगळा गुंता. शेवटी पटवेकऱ्याकडे नेला. त्यांनी हातात घेऊन झुलवला आणि म्हणाले, "आतला आखूड, मग थोडा थोडा लांब, तेव्हा ते एकाखाली एक बसतात." गाठवून आणला, आजीला दाखवला. ती म्हणे, "छान आहे, पण जुन्याची सर नाही." मोती तेच, दोराच नवा! आमच्याकडे कौतुक असंच होतं.

मोडीवेडा: @ओसरी, आजींनी एका वाक्यात आणखी एक अर्थ दिला की!

तलाठीण: माझं वेगळंच. रुजू झाले तेव्हा कोतवालकाका मला "सर" म्हणायचे. बाई म्हणा, मॅडम म्हणा, सांगून थकले. "हो सर," म्हणायचे. आता गावातली पोरंही सर म्हणतात आणि मीही ओ देते. परवा पंचनामे उरकून संध्याकाळी घरी आले, चपला काढतेय तोवर आतून सासूबाई, "सर तिकडं, आत्ताच सारवलंय!"