मदत हवी आहे: गिनीपिगला काय खायला घालू नये? याद्यांचा मेळ बसत नाहीये

गवताची_काडी

नमस्कार मंडळी,

घरी दोन गिनीपिग आहेत. दोघे भाऊ, वर्षभराचे. एक मोती, दुसरा बटाटा. (नावं मुलीने ठेवली. बटाटा हा पदार्थ जवळजवळ प्रत्येक निषिद्ध यादीत असतो हे नंतर कळलं, पण आता ती नाव बदलू देत नाही.)

अडचण अशी की यांना काय घालू नये याबद्दल जेवढं वाचते तेवढा घोळ वाढतो. टोमॅटो एका यादीत विष, दुसरीत आठवड्यातून दोनदा चालेल. पालक एकीकडे उत्तम, दुसरीकडे मूतखड्याला आमंत्रण. कोबीवरून तर लोकांची भांडणंच लागलेली. सगळ्या याद्यांतलं सगळं वगळत गेलं की शेवटी काकडी, वाळलं गवत आणि पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या) एवढंच उरतं. सध्या आमच्याकडे तेच चालू आहे.

त्यात परवा बटाट्याने मनी प्लांटची लोंबती वेल जाळीतून आत ओढली. अर्धं पान गायब, अर्धं खाली पडलेलं. थोडा वेळ हनुवटी ओली होती, पुढच्या पायांनी सारखं तोंड घासत होता, दातांचा कचकच आवाज येत होता. लगेच डॉक्टरांकडे नेलं. तोंडात फारशी सूज नाही म्हणाले, खाणं आणि लेंड्या यांवर लक्ष ठेवा म्हणाले. आता व्यवस्थित खातोय.

मला पन्नास नावांची आणखी एक यादी नको आहे. एखादी गोष्ट का वाईट, तिचं पान वाईट की फळ, एक घास पोटात गेला तर काय आणि रोज गेला तर काय, हे कुणी समजावून सांगेल का? म्हणजे उद्या नवीन काही समोर आलं तर माझं मला ठरवता येईल. गॅलरीत मनी प्लांटशिवाय कोरफड, सदाफुली, जास्वंद आणि एक डिफेनबेकिया आहे. आणि परत असं काही झालं तर डॉक्टरांकडे पोचेपर्यंत घरी काय करायचं?

नुसताच_वाचक

कांदा, लसूण, चॉकलेट टाळा. बाकी फार डोकं लावू नका. मुक्या जनावराला बरोबर कळतं काय खायचं ते. आमच्या ओळखीत एकांचे गिनीपिग सगळं खायचे.

रानमेवा

वाचकसाहेब, हे रानातल्या जनावराबद्दलसुद्धा अर्धंच खरं आहे. पिंजऱ्यात वाढलेल्या गिनीपिगला हिरवं दिसलं की आधी दात लागतो, विचार नंतर. आणि त्याला उलटी करता येत नाही. कुत्रं-मांजर नको ते ओकून मोकळं होतं, याच्या पोटात गेलेलं पुढेच जाणार. "सगळं खायचे" हे ठीक, पण किती वर्षं जगले तेही विचारून घ्या.

काडीताई, याद्या जुळत नाहीत कारण वेगवेगळ्या तऱ्हेचा धोका एकाच रकान्यात कोंबलेला असतो. काही पदार्थ खरोखरचं विष, काही विष नव्हेत पण त्याच्या पोटाला झेपत नाहीत, आणि काही रोज दिले तरच महागात पडतात. हे वेगळं केलं की बराचसा गुंता सुटतो.

खऱ्या विषात कांदा, पात, लसूण, लीक ही मंडळी पहिली. त्यांतली गंधकाची संयुगं रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून किंवा वाळवून ती जात नाहीत, म्हणून कांदा-लसूण घातलेलं आपल्या ताटातलं काहीच नको. अॅव्होकॅडोमधलं पर्सिन हृदयाच्या स्नायूंना इजा करतं. चॉकलेट, चहा, कॉफी वर्ज्य. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन माणसालाही सोसत नाही, एवढ्याशा जिवाला काय सोसणार. रुबार्बची पानं नकोत, देठही नकोत. सफरचंदाचा गर चालतो, पण बियांमध्ये पोटात गेल्यावर सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, त्या काढून टाकायच्या. इथे "चवीपुरतं" हा प्रकार नाही.

टोमॅटोचं कोडं म्हणजे एकाच झाडाचा कुठला भाग हा प्रश्न. टोमॅटो, बटाटा, वांगं, ढोबळी मिरची हे सगळं एकाच कुळातलं. टोमॅटोची पानं, खोड, देठ आणि हिरवं कच्चं फळ नको. पिकलेल्या लाल फळाची एखादी फोड अधूनमधून चालते. दोन्ही याद्या बरोबर होत्या, फक्त कोणत्या भागाबद्दल बोलतोय ते एकीनेही लिहिलं नाही. बटाट्याच्या हिरव्या पडलेल्या सालीत आणि कोंबांत सोलानिन नावाचं विष असतं. स्वच्छ, न कोंबलेला बटाटासुद्धा नुसता स्टार्च, त्याचा त्यांना उपयोग नाही. (तुमच्या बटाट्याने मनाला लावून घेऊ नये.)

आता पोटाचं. गिनीपिगची खरी पचनाची भट्टी म्हणजे अंधांत्र, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची मोठी पिशवी. तिथले जिवाणू गवताचे तंतू फोडतात. तंतू सतत आत येत राहिले तरच ती चालू राहते, म्हणून वाळलं गवत चोवीस तास समोर हवं. बिस्किट, ब्रेड, शिजवलेलं अन्न, दाणे, दूध, मिठाई यांत विष काही नाही, पण साखर आणि स्टार्च आत गेला की नको ते जिवाणू माजतात, गॅस धरतो, आतडी मंदावतात. एवढ्यानेही गिनीपिग दगावतो. कोबी आणि फ्लॉवर याच हिशेबातले. एखादं पान कधीतरी दिलं तर बहुतेकांना सोसतं, वाटीभर दिलं तर पोट फुगतं. आइसबर्ग लेट्यूस जवळजवळ पाणीच, त्यापेक्षा गडद पानांचं लेट्यूस घ्या. आणि भाजी कितीही चांगली असली तरी नवीन असेल तर आधी एक-दोन पानं, दुसरं काही नवीन त्या दिवसांत नाही. माझ्या पाहण्यात पोट बिघडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण विष नव्हे, एकदम केलेला बदल हेच.

पालक राहिला. त्यात खड्यांना हातभार लावणारं ऑक्झलेट भरपूर, म्हणून आठवड्यातून एखाद्या वेळी दोन पानं, रोज नाही. पण मूतखड्याचा सगळा दोष पालकावर टाकू नका. गिनीपिगचे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. आहारातलं जास्तीचं कॅल्शियम ते लघवीवाटे टाकतात, म्हणून लघवी वाळल्यावर थोडी पांढरी भुकटी दिसते. ते साधं आहे. ती वाळूसारखी खरखरीत लागली, लघवी करताना ओरडला किंवा लाल थेंब दिसला तर दाखवून आणा. मोठ्या गिनीपिगला रोज ल्युसर्न म्हणजे अल्फाअल्फा गवत देऊ नये ते याच कारणाने. पिल्लांना आणि गाभण मादीला ते चालतं. रोजच्यासाठी टिमोथी किंवा तसलंच साधं गवत.

एक मात्र कळकळीने सांगते, ते काकडी-पेलेट्सचं लांबवू नका. गिनीपिगला आपल्यासारखंच क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. किलोमागे रोज साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम बाहेरूनच मिळावं लागतं. काकडीत ते नावापुरतं. पेलेट्समध्ये घातलेलं असतं, पण दिवसांगणिक उडत जातं, त्यामुळे पाकिटावरची तयार केल्याची तारीख बघा, 3 महिन्यांपेक्षा जुनी नको. कमी पडलं तर दोन-तीन आठवड्यांत केस राठ होतात, सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं, जागचा हलत नाही. लाल ढोबळी मिरचीच्या 100 ग्रॅममध्ये सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे दोन बोटं रुंद तुकड्यात एकाची दिवसाची गरज भागते. सोबत कोथिंबीर, गडद लेट्यूस. थेंबाचं औषध पाण्यात घालू नका, पाण्यात ते लवकर निकामी होतं आणि वासाने पाणी पिणंच कमी करतात.

खिडकीतली_बाग

रानमेव्याने स्वयंपाकघर उरकलंच आहे, मी गॅलरी घेते.

मनी प्लांट आणि डिफेनबेकिया दोघंही अळूच्या कुळातले. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की ते तोंडात टोचतात. कच्च्या अळूने घसा खवखवतो ना, तेच. लाळ आणि तोंड घासणं त्यामुळेच. चटका लगेच बसतो म्हणून बहुधा पहिल्या घासानंतर सोडून देतात, तुमचं उरलेलं अर्धं पान तेच सांगतंय. डिफेनबेकियाचा चटका जास्त जहाल, जीभ-घसा सुजून गिळणं अडतं. फिलोडेन्ड्रॉन, पीस लिली, कॅलेडियम हे त्यांचेच भाऊबंद.

सदाफुली मी तुमच्या गॅलरीतून आधी हलवेन. तिच्यातल्या अल्कलॉइड्सपासून विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन ही कर्करोगाची औषधं करतात, म्हणजे पेशींची वाढ थांबवण्याइतकी ताकद त्या पानांत आहे. कोरफडीचा आतला गर नव्हे, सालीखालचा पिवळा चीक जुलाब लावतो. गिनीपिगला जुलाब म्हणजे गंभीर बाब, कारण तेवढ्यात पाणी कमी होऊन जीव जातो.

बागेत फिरवत असाल तर कण्हेर, धोतरा, एरंड, घाणेरी यांच्या आसपाससुद्धा नको. कण्हेरीचं विष थेट हृदयावर जातं, वाळलेल्या पानातही ते तसंच राहतं, म्हणजे वाऱ्याने उडून आलेलं पानही वेचून टाकायचं. घाणेरीने यकृत बिघडतं. पानं तोडल्यावर पांढरा चीक येणारं झाड ओळखीचं नसेल तर नाहीच. आणि कंदातून उगवणारी फुलझाडं, लिली, डॅफोडिल, ट्युलिप, सगळी वर्ज्य धरा.

ताजं गवत हाताने उपटून द्या, फवारणी झालेली नसावी. यंत्राने कापलेला गवताचा ढीग देऊ नका. ते ठेचलं जातं, ढिगात गरम होऊन आंबतं आणि पोटात गेल्यावर गॅस धरतं. शिवाय त्यात कुठलं तण कापलं गेलंय हे बघता येत नाही.

दवाखान्यातला

मी छोट्या जनावरांच्या दवाखान्यात काम करतो. पहिल्या तासाबद्दल विचारलंय म्हणून लिहितो.

उरलेलं पान काढून घ्या आणि टाकू नका, पिशवीत घालून सोबत आणा. नाव माहीत नसेल तर पूर्ण झाडाचा फोटो काढा. किती खाल्लं असेल त्याचा अंदाज आणि वेळ लिहून ठेवा. तोंडाला चीक लागला असेल तर ओल्या फडक्याने पुसा. दूध, तेल, मिठाचं पाणी काहीही पाजू नका. उलटी होणारच नाही, उलट घोट श्वासनलिकेत जातो. कोळशाची पावडर घरच्या घरी नको, ती कधी आणि किती हे आम्हाला ठरवू द्या. गवत आणि पाणी समोर राहू द्या. कण्हेर, सदाफुली, एरंड, अॅव्होकॅडो किंवा कांदा असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा.

बाकी वेळी बघायचं ते असं: अंग फुलवून कोपऱ्यात कुबड काढून बसणं, दात खाणं, लेंड्या बारीक होणं किंवा थांबणं, लाळ. पोट ढोलासारखं ताणलेलं लागलं तर सिरिंजने भरवायला जाऊ नका, तसेच घेऊन या. 12 तास काहीच खाल्लं नसेल तर रात्र आहे म्हणून थांबू नका.

याद्यांत सहसा नसतं असं एक सांगतो. आमच्याकडे वनस्पतीने आजारी पडलेल्यांपेक्षा घरातल्या औषधाने आजारी पडलेले जास्त येतात. शिंकतोय म्हणून कुणीतरी आपल्याच अमॉक्सिसिलिनचा चतकोर चुरून देतं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं आणि क्लिंडामायसिन तोंडावाटे गेली की अंधांत्रातले चांगले जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू फोफावतो आणि त्याच्या विषाने काही दिवसांत गिनीपिग जातो. दुसऱ्या जनावराला लिहून दिलेलं औषधही यांना नाही.

आणि वजन. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर. मोठे झाल्यावर साधारण 700 ते 1200 ग्रॅम भरतात. आकडा किती यापेक्षा तो घसरतोय का ते बघा. खाणं कमी झाल्याचं डोळ्याला दिसायच्या आधी काट्यावर दिसतं.

नुसताच_वाचक

अमॉक्सिसिलिनचं खरंच माहीत नव्हतं. ओळखीतल्यांना हा धागा पाठवतो.

गवताची_काडी

सगळ्यांचे मनापासून आभार, हेच हवं होतं. सदाफुली आणि डिफेनबेकिया खालच्या मजल्यावर पोचले, मनी प्लांट छताजवळ टांगला. दोघांचं वजन करून लिहून ठेवलं. मोती 940, बटाटा 1010. आज लाल ढोबळी मिरचीचा लहानसा तुकडा दिला, मोतीने खाल्ला, बटाट्याने हुंगून सोडून दिला.

दोन शंका राहिल्या. मिरचीच्या बिया आणि देठाचं काय? आणि जास्वंदीबद्दल कुणीच बोललं नाही.

खिडकीतली_बाग

जास्वंद चालते, फूलही आणि कोवळं पानही, फवारणी नसेल तर. रोपवाटिकेतून नवीन आणलेलं झाड असेल तर त्याच्यावर काय मारलंय सांगता येत नाही, त्यामुळे नवीन फुटलेली पानं मोठी होऊ द्या, मग द्या. पहिल्यांदा एक पाकळी. फुलवाल्याकडचा गुलाब मात्र नको, त्याच कारणासाठी.

रानमेवा

देठ काढाच. बिया विष नाहीत पण कडक असतात, घशात अडकतात, झटकून टाका. बटाट्याने हुंगून सोडलं तर उद्या परत तेवढाच तुकडा ठेवा, परवाही ठेवा. मोतीला खाताना बघून खायला लागेल. संध्याकाळी उरलेला तुकडा उचलून घ्या, रात्रभर राहिलेला सुकतो नाहीतर आंबतो.