आम्लाच्या आधी ट्रिप्सिन

पेशी विषाणूला ज्या पिशवीत आत घेते त्या एंडोसोममधली आम्लता वाढली की हेमॅग्लुटिनिन (एचए) हे विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन आपोआप उघडतं आणि विषाणूचं आवरण पेशीच्या पटलाशी एकजीव होतं, असं सर्रास सांगितलं जातं. इन्फ्लुएन्झा म्हणजे फ्लूच्या विषाणूपुरतं ते बरोबर आहे. पण त्याआधीची पायरी राहिली, आणि प्रयोगशाळेत विषाणू वाढवण्याचा प्रयोग बरेचदा तिथेच फसतो. पेशीत तयार होणारं हेमॅग्लुटिनिन अखंड असतं. प्रोटिएझने, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या विकराने, त्याचे एचए१ आणि एचए२ असे दोन भाग केल्याशिवाय एचए२च्या टोकाचं सुमारे २० अमिनो आम्लांचं फ्यूजन पेप्टाइड, म्हणजे पटलात घुसून दोन्ही आवरणं जोडणारा तुकडा, मोकळं होत नाही. हेमॅग्लुटिनिन न कापलेला विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या सियालिक आम्लाला नीट चिकटतो, एंडोसोममध्येही पोचतो. तिथल्या पीएच ५च्या आम्लतेला मात्र काहीच घडत नाही.

म्हणून एमडीसीके पेशींवर (कुत्र्याच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशी) विषाणू वाढवताना माध्यमात टीपीसीके-ट्रिप्सिन (टीपीसीके या रसायनाची प्रक्रिया केलेलं ट्रिप्सिन हे प्रोटिएझ) घालतात, साधारण १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. पेशी वाढवताना माध्यमात एरवी घालतात त्या सीरममध्ये (रक्तद्रवात) ट्रिप्सिनला रोखणारी प्रथिनं असतात, त्यामुळे पेशी पीबीएसने (फॉस्फेटयुक्त मिठाच्या द्रावणाने) दोनदा धुवून सीरमविरहित माध्यमच द्यायचं. धुणं राहिलं तर संसर्ग पहिल्या फेरीपुढे जेमतेम सरकतो. ट्रिप्सिन जास्त झालं तर पेशींचा थरच सुटतो आणि तो विषाणूचा परिणाम वाटतो; विषाणू न घातलेला, पण ट्रिप्सिन घातलेला प्लेटमधला एक वेल (खळगा) तुलनेसाठी शेजारी ठेवाच. बर्ड फ्लूच्या अतिघातक एच५ आणि एच७ प्रकारांना हे ट्रिप्सिन लागत नाही. त्यांच्या कापण्याच्या जागी आल्कधर्मी अमिनो आम्लांची रांग असते, ती जवळपास प्रत्येक पेशीत असणारं फ्युरिन हे प्रोटिएझ कापतं, आणि म्हणूनच कोंबडीत ते श्वसनमार्ग आणि आतड्यापुरते न राहता सर्व अवयवांत पसरतात.