पहिलं सिझेरियन, आता दुसऱ्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करावा का? मदत हवी आहे

सध्या चौतिसावा आठवडा चालू आहे. पहिल्या वेळी बाळ पायाळू होतं म्हणून सिझेरियन झालं. या वेळी डोकं खाली आहे, वारही (प्लासेंटा) वर आहे. जुन्या डिस्चार्ज कार्डवर गर्भाशयाचा छेद खालच्या भागात, आडवा असल्याचं लिहिलंय. डॉक्टर म्हणतात, प्रयत्न करायला हरकत नाही, ठरवा तुम्ही. इथेच गाडी अडलीय!

अशा प्रयत्नांत साधारण १०० पैकी ७० ते ७५ जणींची नॉर्मल होते, आणि जुना टाका उसवण्याची शक्यता २०० त एक, असं कळलं. आकडा लहान आहे, पण उसवलाच तर बाळ आणि आई दोघांच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून झोप लागत नाही. दुसरीकडे, दर सिझेरियनगणिक पुढच्या खेपेला वार चिकटून बसण्याचा धोका वाढतो, आणि आम्हाला तिसरं हवंय. (सासूबाईंचं मत विचारू नका.)

ज्यांनी प्रयत्न केला, त्यांनी सांगा: कळा आपोआप सुरू झाल्या की औषधाने आणाव्या लागल्या? बाळाचे ठोके सतत मशीनवर बघत होते का? रात्री-अपरात्री ऑपरेशनची, भूलतज्ज्ञांची सोय आहे का, हे आधी कसं विचारलंत? आणि प्रयत्न करून शेवटी सिझरच झालं असेल, तर त्यांचा अनुभव आधी हवाय.