जुन्या बंगल्यातली कुंती आणि बोगनवेल बोन्सायसाठी काढायची आहे, वेळ रंगपंचमीपर्यंतच (इंदूर)

गच्चीबाग:
लोकमान्यनगरजवळचा एक जुना बंगला पाडायचा आहे. आवारातली झुडपे न्यायला मालकांनी होकार दिलाय, पण रंगपंचमी झाली की जेसीबी येणार. म्हणजे हातात जेमतेम बारा दिवस.

कुंपणाला कुंतीची रांग आहे (इथल्या नर्सरीत मधुकामिनी म्हणतात ती), साधारण ३० वर्षांची, चार फुटांवर छाटत आलेली. झाडे एकेक फुटावर, खोडे मनगटाएवढी, दोन-तीन त्याहून जाड. फाटकापाशी बोगनवेल, बुंधा मांडीएवढा. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटी मोरपंखी. माती काळी, वाळून भेगा पडू लागल्यात.

माझ्याकडे गच्ची आहे, सकाळी ११ पर्यंत ऊन येते. नर्मदेचे पाणी दिवसाआड, बाकी बोरिंगचे. कुंडीतल्या रोपांचे बोन्साय करते, पण जमिनीतले जुने झाड कधी काढलेले नाही. कोणते घ्यावे, किती कापावे, कशात लावावे, आणि पुढचा एप्रिल-मे कसा निभवावा?

वाफसा:
सगळी रांग आणायचा मोह टाळा. बारा दिवसांत तीन-चार कुंती आणि ती बोगनवेल एवढेच नीट होईल. दहा काढायला गेलात तर दहाही अर्धवट निघतील.

पहिले काम पाण्याचे, आणि ते आजच. वाळलेल्या काळ्या मातीत कुदळ घातली की ढेकूळ निघते आणि त्याच्यासोबत बारीक मुळे तुटून येतात. ओल्या मातीत खणाल तर नुसता चिखल. आज संध्याकाळी बुंध्याभोवती दोन फुटांच्या घेरात भरपूर पाणी सोडा आणि तीन-चार दिवस थांबा. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि टिचकी मारली की फुटावा. असा वाफसा आला की खणायला घ्या.

थांबायच्या दिवसांत निवड करा. वरचे खोड बघून ठरवू नका. कुंपणाच्या झाडांना वर्षानुवर्षे खत-माती घातलेली असते, त्यामुळे खरा बुंधा तीन-चार इंच खाली गाडला गेलेला असतो. जाड मुळे जिथे चहूबाजूंना फाकतात तिथपर्यंत खुरप्याने माती बाजूला करा. वरून काठीसारखे सरळ दिसणारे झाड खाली एकदम रुंद निघते, तर वरून देखणे झाड एकाच बाजूच्या मुळावर उभे असते. असे एकांगी झाड सोडून द्या, ती खोट पुढे भरून निघायला दहा वर्षे लागतात. रांगेच्या टोकाची झाडे आधी बघा, त्यांना एका बाजूला तरी मोकळी जागा मिळालेली असते. मधलेच हवे असेल तर दोन्ही शेजारी गमवावे लागतील, कारण एक फुटाच्या अंतरात मुळे एकमेकांत विणली जातात.

खणण्याआधी वरचा भार उतरवा. कुंती दीड फुटावर करवतीने कापा, पण पार बोडकी करू नका, खालच्या दोन-तीन फांद्यांवर थोडी पाने राहू द्या. काप शेवटी जिथे हवा त्याच्या दोन इंच वर घ्या, कारण टोक सुकत सुकत खाली येते. चार इंची खोडाला बुंध्यापासून एक फूट अंतरावर एक फूट खोल चर पुरतो. जाड मुळावर कुदळीचा घाव घालू नका, मूळ उभे चिरते आणि चिरेतून कूज आत शिरते. माती मोकळी करून करवतीने कापा. शेवटी पहार (आपल्याकडची सब्बल) खालून घालून झाड तिरपे उचला आणि सोटमूळ दिसले की तोडा. खोड धरून हिसके द्यायचे नाहीत, बारीक मुळांची साल त्यातच सोलली जाते. झाड निघाल्या निघाल्या ओल्या गोणपाटात गुंडाळा.

घरी आणल्यावर काळी माती धुवून काढा, मुळांच्या बेचक्यांत अडकलेलीसुद्धा. बांबूच्या काडीने कोरत जायचे आणि हलक्या धारेने धुवायचे. ही माती ओलीने फुगते, वाळली की आकसते. मोकळ्या मिश्रणाच्या मधोमध तिचा गोळा राहिला तर घातलेले पाणी त्याच्या कडेने निघून जाते, वरून सगळे ओले दिसते आणि आत झाड तहानलेले असते. मग मुळे खालून सपाट कापा, पाच इंच खोलीत बसली पाहिजेत. बारीक मुळे मात्र एकेक जपा, झाड जगणार ते त्यांच्यावर.

मिश्रण: पक्क्या भाजलेल्या विटेचे ३ ते ६ मि.मी. तुकडे ६ भाग, नदीची जाड वाळू २ भाग, दोन-तीनदा धुतलेले कोकोपीट २ भाग. विटेची पूड चाळून फेका, तिचा थर बसला की पाणी अडते. बंगल्याचा मलबा फुकट मिळेल, पण त्याला चुना-सिमेंट चिकटलेले असते. कुंती लिंबाच्या कुळातली, तिला ते सोसत नाही.

भाजीचा प्लास्टिक क्रेट घ्या, आतून हिरवी जाळी लावा. झाड क्रेटला सुतळीने चारी बाजूंनी आवळा. खोडाला बोटाने ढकलले तरी ते हलता कामा नये, कारण नव्या मुळाचे पांढरे टोक केसासारखे नाजूक असते आणि वाऱ्याच्या एका झोक्यात तुटते. वरून पारदर्शक पिशवीचा तंबू, आणि क्रेट पूर्ण सावलीत. तंबू उन्हात ठेवलात तर आत पाने शिजतात.

खोडवेडा:
बोगनवेलीचे सांगतो, तिची चाल वेगळी आहे.

मांडीएवढा बुंधा असेल तर सव्वा ते दीड फुटावर कापा आणि पाने सगळी काढा. तिला बारीक मुळे मुळातच कमी असतात आणि हात लागताच गळतात, त्यामुळे कुंतीसारखे कोरत बसू नका. जाड मुळे बुंध्यापासून पाच-सहा इंचांवर कापून, कापांना रूटिंग पावडर (मुळे फुटायला मदत करणारी) लावून सरळ क्रेटमध्ये लावा. तो एक मोठा छाटच (मुळे नसलेला, लावायला कापलेला फांदीचा तुकडा) आहे असे समजून वागवा. पाणी कमी द्या, ती मरते ती पाण्याने. काट्यांसाठी चामड्याचे हातमोजे घ्या, रबरी चालत नाहीत.

वरच्या कापाकडे मात्र नीट लक्ष द्या. बोगनवेलीचे लाकूड एकसंध नसते, त्यात लाकडाचे आणि मऊ पेशींचे थर एकाआड एक असतात. काप उघडा राहिला की मऊ थर कुजतो आणि दोन पावसाळ्यांत खोड आतून पोकळ होते. मोठी जखम ती स्वतः भरून काढत नाही. म्हणून काप तिरपा घ्या, पाणी साचायला नको, आणि बोर्डो मलम लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र ओता. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे, लोखंडाचे नको. तयार मलमात चाकूचे पाते मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त झाले, आणखी चुना घाला. त्याच दिवशी संपवा, शिळे निकामी होते.

तीन-चार आठवड्यांत सगळीकडून कोंब फुटतील. पहिले दोन महिने एकही खुडू नका, प्रत्येक पान मुळांना पोसते आहे. नंतर फांद्या निवडा आणि कोंबाचा खालचा भाग हिरव्याचा तपकिरी होऊ लागला की तार घाला. तार ॲल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. पक्की झालेली फांदी वाकवायला गेलात तर बुडाशीच तुटते. तार सहा ते आठ आठवड्यांत काढावी लागते, पावसाळ्यात त्याहून आधी, नाहीतर सालीत रुतते.

कुंडीकर:
मोरपंखी सोडून द्या. तिच्या उघड्या लाकडातून फूट येत नाही, त्यामुळे सात फुटी झाड दीड फुटावर कापले की संपले. शिवाय तिचा काळ डिसेंबर-जानेवारीचा, मार्चमध्ये उशीर झाला. तिला लागणारे दोन दिवस कुंतीला द्या.

वाफसा यांच्या मिश्रणाबद्दल एकच वेगळे मत. २ भाग कोकोपीट जुलैत ठीक, पण तुम्ही लावताय मार्चमध्ये आणि गच्चीवर. माळव्यातला कोरडा वारा विटेचे तुकडे दुपारपर्यंत सुकवतो. कुंतीला ३ भाग घ्या, वाळू १ भाग करा. बोगनवेलीला मात्र १ भागच.

वाफसा:
मान्य. कुंतीला ३ भाग घ्या.

गच्चीबाग:
पाच आठवडे झाले. तीन कुंती आणि बोगनवेल आणली, मोरपंखी तिथेच राहिली. बोगनवेलीचे कोंब सहा इंच झालेत. दोन कुंतींना तिसऱ्या आठवड्यात कोंब आले, इंचभर वाढले, म्हणून परवा तंबू काढून सकाळच्या उन्हात ठेवल्या. आता कोंब माना टाकताहेत, एकीच्या पानांची टोके करपली. तिसरीला काहीच नाही, होती ती पानेही गळली. खत देऊ का? पाणी वाढवू का?

वाफसा:
खत अजिबात नको. पाण्याचे आधी तपासा, मग ठरवा.

पहिली फूट म्हणजे झाड लागले असे नव्हे. जुन्या खोडात साठवलेला पिष्टाचा साठा असतो, त्याच्या जोरावर ते मुळे नसतानाही कोंब काढते. साठा संपत आला आणि खाली मुळे तयार नसली की कोंब मान टाकतात. जाणती माणसेही इथेच फसतात, हिरवे दिसले की झाड उन्हात नेतात आणि खत घालतात. मुळे फुटल्याची खूण म्हणजे दुसरी फूट, पहिले कोंब पिकून गडद झाल्यावर त्यांच्या टोकाला येणारी. आपल्याकडे मार्चमध्ये काढलेल्या कुंतीला ती बहुधा पावसाच्या सुरुवातीला दिसते. तोवर खतातले क्षार उरलीसुरली मुळे जाळतात.

आजच तंबू परत चढवा आणि क्रेट सावलीत न्या. बांबूची काडी दोन इंच आत खोचून दहा मिनिटांनी काढा. ओली निघाली तर पाणी देऊ नका, कोरडी निघाली तर तळातून वाहेपर्यंत द्या. उद्या सकाळी सहाला कोंब बघा. ताठ असतील तर फक्त उन्हाचा ताण आहे. सकाळीही पडलेले असतील आणि काडी ओली असेल तर मुळे कुजताहेत. तसे असेल तर पाणी थांबवा आणि क्रेटच्या बाजूच्या जाळीतून हवा खेळू द्या.

तंबू पुढे एकदम काढायचा नाही. दुसरी फूट दिसली की पेन्सिलीने चार भोके पाडा, आठवड्याने आणखी चार, मग फक्त संध्याकाळी उघडा. साधारण महिना द्या.

तिसरीची साल नखाने एकाच जागी, बुंध्याजवळ खरवडा. खाली हिरवे-ओलसर असेल तर पावसाळा संपेपर्यंत हात लावू नका. कुंती तीन-चार महिन्यांनीही फुटते. रोज नवीन जागी खरवडलेत तर मात्र तुम्हीच तिला माराल.

कुंडीकर:
गच्चीचा स्लॅब दुपारी तापतो आणि क्रेटचा तळ भाजतो. क्रेट दोन-दोन विटांवर उचलून ठेवा, बाजूंना गोणपाट बांधून दुपारी ते भिजवा, वर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट लावा. भिजवायचे ते गोणपाट, मिश्रण नव्हे.

बोरिंगचे पाणी कुंतीला शक्यतो देऊ नका, नर्मदेचे साठवून तिला राखून ठेवा. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडते आहे. दुसरी फूट आल्यावर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले) १ ग्रॅम लिटरला, पंधरा दिवसांनी एकदा पुन्हा.

खोडवेडा:
बोगनवेल छान चालली आहे. तिला आता सकाळचे ऊन चालेल, पण तिचेही काम अजून साठ्यावरच चालले आहे, तेव्हा कोंब खुडू नका. क्रेट उचलून जाळीच्या भोकांत बघत जा, पांढरी टोके दिसली की इथे फोटो टाका, मग कोणत्या फांद्या ठेवायच्या ते ठरवू.