रिग कमी, तेल जास्त: मग ड्रिलिंग ही टेकची बातमी का नाही?

सेमिनरी हिल्सवाला
दर शुक्रवारी अमेरिकेतला रिग काउंट येतो. तेल-गॅसच्या विहिरी खोदणारी यंत्रं, म्हणजे रिग, किती चालू आहेत त्याचा हा आकडा बेकर ह्यूज कंपनी काढते. आपल्याकडे शनिवारच्या बिझनेस पानावर तो खाली कोपऱ्यात असतो आणि वर मोठ्या अक्षरात निफ्टी, एनव्हिडिया, एआय. आकडा घसरला की ग्रुपवर लगेच मेसेज फिरतात की तेलाचा धंदा संपला, पैसा टेकमध्ये चालला. माझं ऑब्जेक्शन इथंच आहे.

ऑक्टोबर 2014 मध्ये अमेरिकेत तेलाच्या 1609 रिग चालू होत्या आणि त्या वर्षी उत्पादन होतं दिवसाला सुमारे 88 लाख बॅरल. 2024 मध्ये रिग उरल्या 500 च्या आसपास, आणि उत्पादन 1 कोटी 32 लाख बॅरल! एक तृतीयांश रिगमध्ये दीडपट तेल. हे कशानं झालं? आधी सरळ खाली जायचं, मग खडकाच्या त्याच थरात विहीर आडवी वळवून दोन-दोन मैल न्यायची, बिट, म्हणजे खडक कापणारं टोक, कुठं चाललंय ते वर बसून सेन्सरवर बघायचं, एकाच जागेवरून शेजारी शेजारी विहिरी खोदायच्या. ही टेक्नॉलॉजी नाही तर काय आहे? इटलीच्या एनी या तेल कंपनीचा सुपरकॉम्प्युटर नोव्हेंबर 2024 च्या यादीत जगात पाचवा होता. सेस्मिक डेटा, म्हणजे जमिनीत सोडलेल्या लहरींचे खालून परत येणारे प्रतिध्वनी, वाचायलाच लागते ती ताकद.

मी स्वतः तरुणपणी समुद्रातल्या रिगवर मड लॉगिंग केलंय म्हणून सांगतो. बिट खाली खडक कापते आणि ड्रिलिंगचं मड, म्हणजे विहिरीतून फिरवलेला चिखल, त्याचे बारके तुकडे वर घेऊन येतं, ते शेकरच्या चाळणीवर पडतात, तिथून उचलायचे, धुवायचे, ट्रेमध्ये घेऊन यूव्ही दिव्याखाली धरायचे, तेल असलं तर कण पिवळसर-निळसर चमकतात. पण हातात आलेला तुकडा आत्ता कापलेला नसतो, त्याला खालून वर यायला वेळ लागतो, तो लॅग टाइम चुकला की खोली चुकली आणि पुढचे सगळे निर्णय चुकले. हे काम डोक्याचं आहे हो, नुसतं भोक पाडणं नाही.

आणि नागपूरच्या पोरांना हे सांगावं लागावं याचंच वाईट वाटते. एमईसीएल, म्हणजे देशभर खनिजांसाठी ड्रिलिंग करणारी सरकारी कंपनी, तिचं मुख्यालय इथं, जीएसआय म्हणजे भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं मध्य विभागाचं ऑफिस इथं, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स इथं, पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सेफ्टीचं बघणारं पेसो इथं. विद्यापीठात जिऑलॉजी डिपार्टमेंट आहे. तरी बारावीनंतर घराघरात एकच चर्चा, कॉम्प्युटरला नंबर लागला का. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांच्या वर आपण बाहेरून आणतो, आणि घरचं उत्पादन 2011-12 च्या 3 कोटी 81 लाख टनांवरून 2023-24 ला 2 कोटी 94 लाख टनांवर आलं. आपला पैसा आणि आपली हुशार पोरं दोन्ही या कामात जायला पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

धरमपेठ ट्रेडर
काका, टेक्नॉलॉजी असेल हो, कोण नाही म्हणते. पण शेअर घेणाऱ्याला टेक्नॉलॉजीतून काय मिळते ते सांगा नं. ओएनजीसीचंच घ्या. जानेवारी 2018 मध्ये सरकारला पैसा पाहिजे होता म्हणून ओएनजीसीला एचपीसीएल या पेट्रोल पंपवाल्या कंपनीतला सरकारचा हिस्सा घ्यायला लावला, 36,915 कोटी. तो पैसा विहिरीत जाऊ शकला असता. मग 1 जुलै 2022, तेल महाग झालं, कंपनीला चार पैसे सुटायला लागले तर विंडफॉल टॅक्स, म्हणजे अचानक वाढलेल्या नफ्यावरचा कर, लावला, त्या एका दिवशी शेअर 13 टक्क्यांच्या आसपास पडला. भाव वाढला की सरकार घेते, भाव पडला की मार्केट घेते, म्हणजे शेअरहोल्डरनं दोन्हीकडून मार खायचा.

आणि कच्चं तेल ही कमोडिटी आहे, तिचा भाव तुमच्या हातात नाही. 20 एप्रिल 2020 आठवा, अमेरिकेत मे महिन्याचं फ्युचर्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे पुढच्या डिलिव्हरीचा सौदा, मायनस 37.63 डॉलरवर बंद झालं, आणि आपल्या एमसीएक्स या कमोडिटी बाजारात सेटलमेंट झालं मायनस 2884 रुपये बॅरलला. आमच्या ओळखीत एकानं पडलेला भाव बघून स्वस्त पडलं म्हणून घेतलं होतं, पुढची काही वर्षं त्यानं ते फेडण्यात घालवली. अशा धंद्यात घरची बचत टाका म्हणणं मला पटत नाही. सॉफ्टवेअर कंपनीचा माल कधी मायनसमध्ये विकला गेलेला ऐकला का तुम्ही?

सेमिनरी हिल्सवाला
फ्युचर्सचा आणि ड्रिलिंगचा संबंध एकाच ताटात वाढू नका. मायनस भाव झाला तो साठवायला टाक्या उरल्या नव्हत्या म्हणून, करोनात गाड्या उभ्या होत्या. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनंच 2024 मध्ये सांगितलं की शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तीन वर्षांत 100 पैकी 93 लोकांचं नुकसान झालं, त्यात तेलाचा दोष कुठं आहे?

आणि शेअरचं म्हणाल तर ऑगस्ट 2020 मध्ये एक्सॉन या तेल कंपनीला अमेरिकेच्या डाऊ जोन्स इंडेक्समधून काढलं, 1928 पासून होती ती तिथं, आणि जागा दिली सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीला. तेव्हा एक्सॉन 40 डॉलरच्या आसपास होती, 2024 ला 110 च्या वर. ज्या दिवशी सगळ्यांनी तेल संपलं म्हटलं त्या दिवशी घेणारा उपाशी नाही राहिला.

विंडफॉल टॅक्सचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, तो डिसेंबर 2024 ला काढला पण लावायलाच नको होता. विहीर कोरडी निघाली की तोटा कंपनीचा आणि लागली की वाटा सगळ्यांचा, असं असलं तर दहा वर्षांचा पैसा कोण गुंतवेल.

मिहान नाइट शिफ्ट
सर, रिस्पेक्ट आहे, पण तुमच्याच आकड्यानं तुमचा मुद्दा पडते. एक तृतीयांश रिगमध्ये दीडपट तेल, म्हणजे रिगवर काम करणारी माणसंही तेवढीच कमी झाली नं? मग पोरांना त्या लाइनमध्ये कशाला ढकलून राहिले? नागपूरच्या मिहान सेझमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या तेव्हा आमच्यासारख्या हजारो पोरापोरींना पुणं-बंगलोर न करता घरी राहून नोकरी करता आली, आई-बाप म्हातारे होत असताना याची किंमत काय असते ते मला विचारा. ड्रिलिंगनं नागपूरला असं काय दिलं? ऑफिसं आहेत इथं, विहिरी मुंबईच्या समुद्रात, बाडमेरला, आसामात.

आणि टेकमध्ये चूक झाली तर कोड बदलता येते. तुमच्या लाइनमध्ये अंदाज चुकला की हजारो कोटी समुद्रात. 2005 मध्ये गुजरात सरकारच्या जीएसपीसी कंपनीनं आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या केजी (कृष्णा-गोदावरी) बेसिनमध्ये 20 टीसीएफ, म्हणजे 20 लाख कोटी घनफूट, गॅस मिळाल्याचं जाहीर केलं होतं, केवढा गाजावाजा झाला, शेवटी 2017 मध्ये 80 टक्के हिस्सा ओएनजीसीच्या गळ्यात मारला. तिथलाच रिलायन्सचा गॅस ब्लॉक केजी-डी6, त्याचं उत्पादन 2010 मध्ये दिवसाला 6 कोटी घनमीटरच्या वर गेलं आणि तीनेक वर्षांत पाव भागावर आलं, त्या गॅसच्या भरवशावर उभे केलेले वीज प्रकल्प बंद पडले, बँकांचे पैसे बुडाले. हा पैसा चिप बनवण्यात किंवा बॅटरीत लावला असता तर?

वाडीचा ट्रान्सपोर्टवाला
तुमचं शेअर मार्केट बाजूला ठेवा राजेहो, आमचं ऐका. 2025 मध्ये कच्चं तेल 60 डॉलरच्या घरात आलं होतं, आमच्या डिझेलचा भाव हलला का? उलट एप्रिलमध्ये एक्साइज 2 रुपये वाढवली, पंपावर भाव तोच ठेवला म्हणून कोणाला कळलं नाही एवढंच. वर गेलं की आम्ही भरायचं, खाली आलं की कंपन्यांचा तोटा भरून काढायचा. म्हणून इथं ड्रिलिंग वाढलं तर डिझेल स्वस्त होईल असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे, घरचं तेलसुद्धा जगाच्याच भावानं विकलं जाते.

पण मी ड्रिलिंगच्या बाजूनं आहे. गॅससाठी. मुंबई-नागपूर-झारसुगुडा गॅस पाइपलाइन समृद्धी महामार्गाच्या बाजूनं टाकली, गाडी चालवताना बोर्ड दिसतात. 2021 मध्ये गडकरी साहेबांनी एलएनजी, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या गॅसच्या, पंपाचं उद्घाटन इथंच केलं. गाड्या एलएनजीवर न्यायच्या तर गॅस घरचा पाहिजे, कतारच्या जहाजावर किती दिवस बसायचं? आखातात कुठं काही झालं की दुसऱ्या दिवशी पार्टी भाडं वाढवून द्यायला तयार नसते आणि ड्रायव्हरचा फोन येते, साहेब टाकी फुल करू का. टेकवाल्या भाऊ, तुमचा लॅपटॉप ज्या कंटेनरमधून आला तो डिझेलवरच आला.

प्रतापनगरची ताई
सगळे भाव आणि शेअर बोलून राहिले, माणसांचं कोणीच बोललं नाही.

27 मे 2020, आसामातलं बागजान. ऑइल इंडियाच्या गॅस विहिरीचा ब्लोआउट झाला, 9 जूनला आग लागली, आग विझवणारे दोन कर्मचारी गेले, आणि ती आग नोव्हेंबरपर्यंत विझली नाही. शेजारी मागुरी-मोटापुंग बिल, मासेमारीचा तलाव, पलीकडे दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान. हजारो लोक घर सोडून कॅम्पमध्ये राहिले, तेही करोनाच्या काळात. त्याच्या दहा वर्षं आधी अमेरिकेजवळच्या समुद्रात बीपी या ब्रिटिश तेल कंपनीसाठी विहीर खोदणारी डीपवॉटर होरायझन रिग, 11 माणसं मेली आणि 87 दिवस तेल समुद्रात जात राहिलं, तेही जगातल्या सगळ्यात भारी टेक्नॉलॉजीवाल्यांच्या हातून. सेमिनरी हिल्सवाले दादा, तुमचा सुपरकॉम्प्युटर तेव्हाही होताच की.

आपण नागपूरकरांनी तरी हे विसरू नये. कोराडी-खापरखेड्याची वीज राज्यभर जाते आणि राख आपल्याकडे राहते. जुलै 2022 च्या पावसात खसाळ्याचा राखेचा बांध फुटला, राख नाल्यातून कन्हानपर्यंत गेली, त्याच नदीचं पाणी आपल्या नळाला येते. शेतात राख साचलेल्यांना कोणत्या इंडेक्समध्ये मोजायचं? 2025 मध्ये देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-गॅस सोडून इतर गोष्टींचा झाला. तिकडे पैसा जाऊ द्या नं. एकेका विहिरीमागं दहा वर्षं घालवायची आणि तेल येईपर्यंत गाड्या बॅटरीवर गेलेल्या असतील.

धरमपेठ ट्रेडर
ताईंना प्लस वन. आणि शेल खडकातली ती आडवी विहीर पहिल्याच वर्षी निम्म्याहून जास्त आटते, सारखं नवीन खोदत राहावं लागते. 2025 मध्ये डायमंडबॅक या शेल कंपनीच्या प्रमुखांनीच शेअरहोल्डरांना लिहिलं की जमिनीवरचं अमेरिकेचं उत्पादन बहुतेक शिखरावर पोचलं. काका, तुमची 2014 ते 2024 ची गोष्ट खरी आहे पण ती मागची आहे.

सेमिनरी हिल्सवाला
एकेकाला उत्तर देतो.

मिहानवाल्या भाऊ, रिगवरची माणसं कमी झाली हे खरंच. पण काम रिगवरून उठून खोलीत आलं. आज समुद्रातल्या विहिरीचा डेटा किनाऱ्यावरच्या सेंटरमध्ये लाइव्ह दिसते, तिथं बसून पोरं बिटची दिशा बदलतात. ते सेंटर मिहानमध्ये का असू नये? तुम्ही जे पायथन शिकले तेच तिथं लागते, फक्त सोबत खडक कळला पाहिजे. आणि घराजवळच्या नोकरीचं म्हणाल तर जुलै 2025 मध्ये टीसीएसनं 2 टक्के, म्हणजे 12 हजारांवर लोक कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा एकाच लाइनवर अख्खं शहर टांगून ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

केजी-डी6 बुडालं म्हणता, पण तिथली पुढची गोष्ट सांगत नाही. डिसेंबर 2020 पासून रिलायन्स आणि बीपीनं त्याच ब्लॉकमध्ये सुमारे 2000 मीटर पाण्याखालून नवीन गॅस काढायला सुरुवात केली आणि देशात निघणाऱ्या गॅसचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिथून यायला लागला. पहिल्यांदा खडक नीट वाचला गेला नाही, दुसऱ्यांदा वाचला. मुंबईजवळच्या समुद्रातलं मुंबई हाय हे तेलक्षेत्र 1974 ला सापडलं, लोकांनी म्हातारं ठरवलं, 2025 मध्ये ओएनजीसीनं त्याचं उत्पादन वाढवायला बीपीला 10 वर्षांसाठी टेक्निकल पार्टनर घेतलं. बीपी कशाला आणावी लागली? कारण ती माणसं आपण तयार नाही केली.

ताई, सोलरच्या मी विरोधात नाही, माझ्याच छतावर आहे. पण सोलर कोळशाची जागा घेते, तेलाची नाही. वाडीच्या भाऊंचा 40 टनी ट्रक बॅटरीवर जाईपर्यंत ते डिझेल कुठून तरी येणारच, इथून किंवा आखातातून. बागजानचं मात्र मी हलकं घेणार नाही. रिगवर काम केलेल्या कोणालाही विचारा, ब्लोआउट प्रिव्हेंटर म्हणजे बीओपी, तो माणूस आणि खालच्या प्रेशरच्या मधला अडसर. मड परत येताना जास्त यायला लागलं की काही मिनिटांत ओळखायचं असते की खालून किक आली, म्हणजे गॅस-तेल विहिरीत शिरलं, आणि शंका असली तरी विहीर बंद करायची, मॅनेजर काही म्हणो. डीपवॉटर होरायझनला प्रेशर टेस्टचे आकडे समोर होते आणि ते चुकीचे वाचले गेले. म्हणून तर मी म्हणतो की हुशार पोरं इकडे पाहिजेत, स्वस्तात मिळेल तो माणूस उभा केला की बागजान होते.

प्रतापनगरची ताई
हुशार माणसं बीपीकडे नव्हती का दादा? आकडे समोर होते, हुशार माणसं होती, आणि काम उशिरा चाललं होतं म्हणून घाई होती. ती घाई शेअरच्या भावातून येते, दर तीन महिन्यांच्या रिझल्टमधून येते. धरमपेठवाल्यांना दहा वर्षं थांबायचं नाही आणि तुम्हाला त्यांचाच पैसा पाहिजे.

माझी अट सरळ आहे. कुठंही विहीर खोदायच्या आधी जनसुनावणी खरी व्हावी, कागदावरची नाही. जानेवारी 2020 मध्ये सरकारनं तेल-गॅस शोधण्याच्या विहिरींना जनसुनावणीतून सूट दिली, ती आधी मागं घ्या. आणि गावाला भरपाईचा पैसा अपघातानंतर कोर्टात भांडून नाही, आधीच वेगळा बँकेत ठेवलेला पाहिजे. हे झालं की पोरांना जिऑलॉजीला पाठवा, माझी मुलगीसुद्धा अकरावीला आहे.

वाडीचा ट्रान्सपोर्टवाला
ताईंची बँकेतल्या पैशाची अट मलेही मान्य आहे. आमच्या टँकरलासुद्धा पेसोच्या लायसन्सशिवाय पेट्रोल भरू देत नाहीत, इन्शुरन्स आधी दाखवावा लागते, मग विहिरीला काहून नको?