लिंकनची 'अपयशं' आणि आमच्या काकांचा फॉरवर्ड

वैतागवाडीकर

काल फॅमिली ग्रुपवर पुन्हा लिंकनच्या अपयशांची तीच यादी. '१८३२ निवडणुकीत पराभव, १८३३ धंदा बुडाला, १८३६ नर्व्हस ब्रेकडाउन, १८५५ पराभव, १८५८ पराभव... आणि १८६० राष्ट्राध्यक्ष! हार मानू नका.' खाली सूर्योदय आणि जोडलेले हात. काकांचा रोख माझ्या चुलतभावावर. राज्यसेवेची मुख्य परीक्षा त्याची चौथ्यांदा हुकलीय. काकांना उलटून बोलायची सोय नाही, म्हणून इथे ओकतोय.

या यादीत १८३४, ३६, ३८, ४० कुठे आहेत? चारही वेळा गडी इलिनॉयच्या विधानसभेत निवडून आला होता! १८४८ला म्हणे पुन्हा उमेदवारी मिळाली नाही. अहो, त्याच्या भागातल्या व्हिग पक्षाच्या, म्हणजे त्याच्याच पक्षाच्या, पुढाऱ्यांनी काँग्रेसची (अमेरिकी संसदेची) जागा आळीपाळीने घ्यायचं आधीच ठरवलं होतं. १८४९ला जमीन खात्याचं पद हुकलं हे खरं, पण त्यानंतर ओरेगॉनचं गव्हर्नरपद देऊ केलं होतं, ते यानेच नाकारलं. १८५५ला सिनेटच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत हाच पुढे होता. नको तो माणूस निवडून येऊ नये म्हणून याने आपली मतं ट्रंबुल या दुसऱ्या उमेदवाराकडे वळवली. याला अपयश म्हणायचं?

आणि मुख्य मुद्दा. अख्ख्या यादीत 'गुलामगिरी' हा शब्दच नाही. १८५४ला सिनेटर स्टीफन डग्लसने कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणला, उत्तरेकडच्या नव्या मुलुखात गुलामगिरीला दार उघडलं, म्हणून हा रेल्वे कंपन्यांच्या केसेस लढणारा वकील पुन्हा राजकारणात ओढला गेला. व्हिग पक्ष मोडला, रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. ते घडलं नसतं तर हा स्प्रिंगफील्डमध्ये चांगली प्रॅक्टिस करत म्हातारा झाला असता. चिकाटीचा काढा पिऊन कोणी राष्ट्राध्यक्ष होत नाही.

आबा_सांगलीकर

झालं समाधान? २००४ला माझं दुकान बुडालं. भागीदार हात वर करून मोकळा, देणेकरी दारात. तेव्हा हीच यादी झेरॉक्स करून देवघराशेजारी चिकटवली होती. अजून आहे. लिंकनचा भागीदार बेरी मेला आणि दुकानाचं सगळं कर्ज याच्या बोडक्यावर आलं, ते त्याने वर्षानुवर्षं फेडलं. हेही खोटं का? तुमच्यासारख्या पोट भरलेल्यांना बुडणं म्हणजे काय ते कळणार नाही.

वैतागवाडीकर

आबा, कर्ज खरं आहे. त्याबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. वाचून तर लिहा.

मास्तरीणबाई

यादी परवडली. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये 'लिंकनचं हेडमास्तरांस पत्र' लॅमिनेट करून लावलंय, त्याचं काय करू? वसंत बापटांच्या मराठीत ते सुंदर आहे, वाद नाही. पण मूळ पत्र लिंकनच्या कागदपत्रांत कुठेच सापडत नाही. दर गॅदरिंगला एक चिमुरडी खोटी दाढी लावून ते म्हणते आणि पालक डोळे पुसतात. मीटिंगमध्ये मी एकदा बोलले, तर 'मॅडम, तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते' म्हणून माझ्याकडचं वक्तृत्व काढून घेतलं.

खडूस_काकू

माझ्या लेकाला त्याच पत्रावर तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालंय! पत्र कुणी का लिहिलेलं असेना, त्यात वाईट काय आहे?

मास्तरीणबाई

वाईट काही नाही, काकू. खाली 'एका गुणी माणसाने लिहिलं' असं छापा, मी स्वतः फ्रेम करून देते. लिंकनची सही कशाला? स्वतः सगळं मिळून जेमतेम वर्षभर शाळेत गेलेला माणूस. थोरला रॉबर्ट १८५९ला हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत सणसणीत नापास झाला, मग वर्षभर दुसऱ्या शाळेत घासून पुन्हा बसला. ही गोष्ट मुलांना सांगा ना! ती खरी आहे.

खडूस_काकू

म्हणजे माझ्या मुलाचं बक्षीस खोटं. धन्यवाद हं.

कंदील

पत्रावरून भांडून झालं असेल तर मूळ मुद्द्यावर या. धागाकर्ते 'गुलामगिरी' म्हणून उसासे टाकतायत. १८ सप्टेंबर १८५८, चार्ल्सटन, सिनेटच्या जागेसाठी स्टीफन डग्लसबरोबरचा चौथा वादविवाद. लिंकन उभा राहून सांगतो की गोऱ्या-काळ्यांच्या सामाजिक, राजकीय समतेच्या बाजूने मी नाही आणि कधी नव्हतो. गुलामगिरी पसरू नये एवढंच त्याचं म्हणणं, आहे तिथे ती आत्ताच मोडा असं नाही. फॉरवर्डवाल्यांनी शब्द गाळला, तुम्ही त्याला देव्हाऱ्यात बसवताय. फरक काय?

शिकागोकर

कंदील, वाक्य बरोबर आहे, पण अर्धंच सांगताय. समोर डग्लस दर सभेत 'हा काळ्यांचा कैवारी' म्हणून लोकांना चिथवत होता. तीन-तीन तासांच्या सात सभा, आणि त्यातच लिंकन म्हणत राहिला की स्वतःच्या कष्टाची भाकर खाण्याचा हक्क काळ्या माणसालाही माझ्याइतकाच आहे. गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसने (हा वेगळा डग्लस) १८७६च्या भाषणात हिशेब चोख मांडलाय. गुलामी मोडणाऱ्यांच्या जागेवरून पाहिलं तर लिंकन मंद आणि थंड वाटतो, देशाच्या तेव्हाच्या मताशी ताडून पाहिलं तर वेगवान आणि जहाल.

अवांतर: पाहुणे आले की त्यांना स्प्रिंगफील्डला लिंकनच्या समाधीवर न्यायचं काम माझ्याकडेच. बाहेरच्या पुतळ्याचं नाक लोकांनी शुभ म्हणून चोळून चोळून पितळी भांड्यासारखं लख्ख केलंय. बाकी चेहरा काळपट.

कंदील

'तेव्हाच्या मताशी ताडून'. आमच्याकडेही प्रत्येक नेत्याला हीच पळवाट असते. बरं, फ्रेडरिक डग्लसपुढे मी गप्प. पण जोतीरावांनी १८७३ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना. लोकांना! एकट्या लिंकनला नाही. फुल्यांना जे कळलं ते तुम्हा नाक चोळणाऱ्यांना दीडशे वर्षांत कळलं नाही.

शिकागोकर

मी नाक चोळत नाही. फोटो काढतो.

वैतागवाडीकर

कंदील, अर्पणपत्रिकेचा मुद्दा जिव्हारी लागला. मान्य. पण तो माझ्याच बाजूचा आहे! मोठी चळवळ, फुटलेले पक्ष, चिडलेला समाज, हे सगळं गाळून एकट्या माणसाची जिद्द उरवायची, हीच तर या यादीची लबाडी. १८६०ला चार उमेदवार होते, डेमोक्रॅट दुभंगलेले. लिंकनला जेमतेम ४० टक्के मतं, दक्षिणेतल्या दहा राज्यांत शून्य. आता हे माझ्या भावाला कोण सांगणार? त्याच्या परीक्षेत समोरचा पक्ष फुटत नाही हो.

आबा_सांगलीकर

तुमचा भाऊ पाचव्यांदा बसणार आहे की नाही, ते सांगा आधी.

वैतागवाडीकर

नाही म्हणतोय. बँकेचा फॉर्म भरलाय. काका चार दिवस बोलत नाहीत त्याच्याशी.

आबा_सांगलीकर

मग चांगलं केलं. लिंकननेही दुकान पुन्हा काढलं नाही, वकिली धरली.

आणि ते १८३४चं मी बघितलं. बरोबर आहे तुमचं. कागदावर जागा नव्हती, समासात पेनाने लिहिलं. १८५५ मात्र खोडणार नाही. मतं दुसऱ्याला देऊन घरी परत येणं हरण्यापेक्षा कमी लागत नाही, आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत मी केलंय ते.